हेर्नहूटची मंडळी: पाळकांच्या यादीपलीकडचा इतिहास

लहान गावातल्या प्रोटेस्टंट चर्चचा इतिहास म्हणजे इमारतीचं साल आणि पाळकांची (चर्चच्या धर्मगुरूंची) यादी, असं म्हटलं जातं. मला हे अजिबात पटत नाही. जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातलं हेर्नहूट पाहा. मोरावियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातला प्रदेश) धार्मिक छळातून निसटलेल्या कुटुंबांनी १७२२ मध्ये काउंट झिंझेनडॉर्फ या सरदाराच्या जमिनीवर ते वसवलं. पाच वर्षांतच आपसांतल्या भांडणांनी मंडळी, म्हणजे तिथला चर्चचा समुदाय, फुटायला आली. १३ ऑगस्ट १७२७ च्या प्रभुभोजनाच्या (येशूच्या स्मरणार्थ एकत्र भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या) वेळी ती पुन्हा एक झाली, आणि १७३२ मध्ये तर एवढ्याशा वस्तीतून दोघेजण थेट कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटावर, तिथल्या गुलामांमध्ये सुवार्ता सांगायला निघाले!

मला सगळ्यांत मोलाची वाटते ती त्यांची जीवनवृत्तं लिहायची रीत. सभासद आपल्या आयुष्याची हकिकत लिहून ठेवत आणि ती अंत्यविधीच्या वेळी वाचली जाई. नामवंतांचीच नव्हे, साध्या कारागिरांची आणि बायकांचीसुद्धा. अशी हजारो वृत्तं तिथल्या अभिलेखागारात जपलेली आहेत. दफनभूमीतही एकसारखे, जमिनीलगतचे साधे दगड; झिंझेनडॉर्फ घराण्याच्या कबरी तेवढ्या उंच.