शब्दचर्चा : 'जड क्लच', 'हलके फ्लायव्हील' आणि 'रोजची गाडी'

प्रश्न

गाडीचा क्लच आणि फ्लायव्हील (इंजिनासोबत फिरणारे जड चक्र, ज्यावर क्लचची प्लेट दाबली जाते) बदलण्याविषयी मराठीत माहितीपत्रक लिहायचे आहे. तीन ठिकाणी अडले आहे. 'अपग्रेडेड क्लच'ला काय म्हणावे? 'लाइटवेट फ्लायव्हील'ला 'हलके फ्लायव्हील' चालेल का? आणि 'डेली ड्रायव्हर' म्हणजे रोज वापरायची गाडी, तिला एका मसुद्यात 'रोजचा ड्रायव्हर' म्हटले आहे. प्रचक्र (फ्लायव्हील), निरूढी (जडत्व) असे शब्द वापरावेत की गॅरेजमधले?

प्रतिसाद १

'रोजचा ड्रायव्हर' लगेच काढा. मराठीत त्याचा अर्थ पगारी माणूस असाच होतो. 'रोजची गाडी' पुरे आहे.

'प्रचक्र' शब्द चांगला आहे, पण पार्टच्या दुकानात कोणी तो मागत नाही. पत्रकात 'फ्लायव्हील'च ठेवा. पुस्तकी मराठीत ते नपुंसकलिंगी लिहितात, गॅरेजात 'फ्लायव्हील गेला' असे पुल्लिंगीही ऐकू येते. एक काहीतरी ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. क्लच पुल्लिंगी आणि क्लच प्लेट स्त्रीलिंगी, याबद्दल मात्र दुमत नाही.

प्रतिसाद २

खरा गोंधळ 'जड' आणि 'हलके' या दोन शब्दांचा आहे.

'क्लच हलका आहे' म्हणजे पेडल दाबायला सोपे. 'क्लच जड आहे' म्हणजे पाय दुखतो. इथे भागाच्या वजनाचा काही संबंध नाही. फ्लायव्हीलला 'हलके' म्हटले की मात्र आपण वजनाबद्दल बोलतो. त्यात 'हलका माल' म्हणजे कमी प्रतीचा माल, हा अर्थ मराठीत पक्का बसलेला आहे. 'हलके फ्लायव्हील बसवा' या वाक्याने गिऱ्हाईक बिचकेल. 'कमी वजनाचे फ्लायव्हील' लिहा.

'क्लच जड झाला' हे तर बिघाडाचे लक्षण आहे. प्लेट झिजली की प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या भागाच्या) फिंगर्सचा, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांचा, कोन बदलतो आणि पेडल कडक होते. केबल आतून गंजली किंवा फोर्कचा (आतून क्लच सोडवणाऱ्या दांड्याचा) टेकू कोरडा पडला तरी तसेच होते. नवा दणकट क्लच मुळातच जड असतो. दोन्हीला एकच शब्द वापरला तर वाचणाऱ्याला वाटेल की नवा क्लचच बिघडला. नव्याला 'कडक पेडलचा' म्हणा आणि 'जड झाला' हे बिघाडासाठी राखून ठेवा.

प्रतिसाद ३

वरच्या मुद्द्याला जोडून 'धरणे' हे क्रियापद पाहा. 'क्लच धरून ठेव' असे शिकवणारा म्हणतो तेव्हा पेडल दाबलेले असते, म्हणजे आत प्लेट सुटलेली असते. 'प्लेट धरते' म्हणजे मात्र ती फ्लायव्हीलला चिकटून फिरते. एकच क्रियापद, अर्थ थेट उलटे. पत्रकात पायासाठी 'पेडल दाबणे, सोडणे' आणि आतल्या भागासाठी 'प्लेट पकडणे, सुटणे' अशी वाटणी करा.

बिघाडाची नावेही मग नीट लागतात. 'क्लच स्लिप मारतो' म्हणजे प्लेट पकडत नाही. टॉप गिअरमध्ये ताशी ४५-५० किमीच्या वेगाला पूर्ण रेस द्या, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) चढला आणि वेग मागेच राहिला तर हे निदान पक्के. 'क्लच सुटत नाही' हा उलटा दोष. पेडल पूर्ण दाबूनही गिअर अडकतो, रिव्हर्स टाकताना खर्र आवाज येतो. कारण हायड्रॉलिकमधली हवा, ताणलेली केबल किंवा वाकडी प्लेट.

प्रतिसाद ४

'अपग्रेडेड'साठी 'सुधारित' नको, त्यातून काय सुधारले ते कळत नाही. 'वाढीव पकडीचा क्लच' म्हणावे, कारण वाढते ती पकडच. ती किती हवी, हे आकड्याने सांगता येते.

क्लचची टॉर्क (फिरवण्याचा जोर) पेलण्याची क्षमता म्हणजे घर्षणांक, दाब, प्लेटची सरासरी त्रिज्या आणि दोन बाजू यांचा गुणाकार. समजा प्लेटचा बाहेरचा व्यास २१५ मिमी आणि आतला १४५ मिमी, तर सरासरी त्रिज्या ९० मिमी. दाब ५,००० न्यूटन, म्हणजे अर्ध्या टनाच्या आसपास. घर्षणांक ०.३. उत्तर २७० न्यूटन-मीटर. इंजिन १७५ न्यूटन-मीटरचे असेल तर क्षमता दीडपटीहून थोडी जास्त, एकदम निवांत. ते इंजिन टर्बो असेल आणि रीमॅप करून, म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून, २३० केले की ती १.१७ पटीवर येते आणि उन्हाळ्यात घाट चढताना प्लेट स्लिप मारू लागते. दाब २० टक्के वाढवला की क्षमता ३२४, म्हणजे पुन्हा १.४ पट. रोजच्या गाडीला एवढे भरपूर आहे. दाब वाढला तसे पेडलही साधारण त्याच प्रमाणात कडक होते, हे त्याच परिच्छेदात लिहा.

दाब न वाढवता घर्षणांक वाढवणारी 'बटन प्लेट'ही मिळते. ट्रॅक्टरमुळे हा शब्द गावोगाव माहीत आहे. धातुमिश्रित सिरॅमिकच्या चकत्या असतात. त्या उष्णता सोसतात, पण हळूहळू पकडत नाहीत, एकदम पकडतात. सिग्नलवर रांगेत पुढे-पुढे सरकताना गाडी झटके मारते. रोजच्या गाडीत ती घालू नये असे माझे स्पष्ट मत आहे. प्लेटवर साधे ऑरगॅनिक (धातू-सिरॅमिक नसलेले) अस्तर, स्प्रिंगवाला हब (प्लेटचा मधला भाग) आणि थोडा जास्त दाब हीच जोडी घ्यावी.

जाता जाता, क्लचच्या जाहिरातींतल्या 'स्टेज १', 'स्टेज २' या शब्दांचे कोणतेही सर्वमान्य माप नाही. भाषांतरात 'पहिली पायरी' वगैरे करू नका, न्यूटन-मीटरचा आकडा विचारा.

प्रतिसाद ५

फ्लायव्हीलसाठी 'कमी वजनाचे' हा शब्द चालेल, पण तो अर्धाच खरा आहे. मोजायचे असते ते जडत्व. निरूढी शब्द जुना आणि नेमका असला तरी शाळेत आज 'जडत्व'च शिकवतात, तोच घ्या. वजन कुठून काढले यावर सगळे ठरते. कडेकडून, १३० मिमी त्रिज्येवरून काढलेला एक किलो हा मध्याजवळच्या, ५० मिमीवरच्या एक किलोपेक्षा जडत्व पावणेसात पट कमी करतो. जाहिरातीत 'तीन किलो कमी' एवढेच लिहिले असेल तर त्यावरून फारसे काही कळत नाही.

दुसरा फसवा शब्द 'पिकअप'. फ्लायव्हीलने इंजिनाची ताकद वाढत नाही. सरासरी ११५ मिमी त्रिज्येवरून तीन किलो काढले तर जडत्व ०.०४ किलो-वर्गमीटरने घटते. पहिल्या गिअरचे इंजिनापासून चाकापर्यंतचे एकूण गुणोत्तर १४ आणि टायरची त्रिज्या ०.३ मीटर धरली, तर गाडीतून ८७ किलो उतरवल्यासारखे वाटते. पाचव्या गिअरला, गुणोत्तर ३ असताना, तोच फायदा चार किलोंचा! हायवेवर ओव्हरटेकला काहीच फरक पडत नाही. पत्रकात 'पिकअप वाढतो' ऐवजी 'पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये आरपीएम लवकर चढतो आणि रेस सोडली की लवकर उतरतो' असे लिहा.

आरपीएम लवकर उतरतो, हेच रोजच्या गाडीत नडते. चढावर क्लच सोडताना इंजिनाला फिरते ठेवायला फ्लायव्हीलमध्ये ऊर्जेचा साठा उरत नाही आणि गाडी बंद पडते. मग माणूस जास्त रेस देऊन हाफ क्लचवर खेळतो, आणि ती उष्णता झेलायला लोखंडही कमी असते. एसी लागला की आयडलिंग डळमळते. रोजच्या गाडीत मूळ जडत्वाच्या पाव हिश्शापेक्षा जास्त कमी करू नये.

प्रतिसाद ६

'फ्लायव्हील हलके करून घेणे' हा शब्दप्रयोग पत्रकात कुठेही नको. वाचणारा मूळचे बिडाचे फ्लायव्हील लेथवर नेऊन कातून आणेल. ६,५०० आरपीएमला १३० मिमीवरच्या कडेचा वेग सेकंदाला ८८ मीटर असतो, ताशी ३१८ किमी. कातलेले बीड तिथे फुटले तर तुकडे बेलहाउसिंग (क्लचभोवतीचे कवच) फोडून पायाशी येतात. 'कमी वजनाचे घडीव पोलादी फ्लायव्हील बसवणे' असे लिहा. लेथचे किंवा सरफेस ग्राइंडरचे काम फक्त 'फेसिंग', म्हणजे घर्षणाची बाजू सपाट करणे. पायरीचे फ्लायव्हील (घर्षणाची बाजू आणि प्रेशर प्लेटची बाजू वेगवेगळ्या पातळीवर असलेले) असेल तर प्रेशर प्लेट बसते ती बाजूही तेवढीच उतरवावी लागते, नाहीतर दाब बदलतो.

अनेक डिझेल गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील असते, दोन चकत्या आणि मध्ये स्प्रिंगा. त्याला 'दुहेरी फ्लायव्हील' म्हणू नका, दोन फ्लायव्हील असल्याचा समज होतो. ते काढून एकसंध बसवले तर न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्स खडखडतो. पेडल दाबल्यावर खडखड थांबली तर आवाज गिअरचा किंवा इनपुट शाफ्टच्या (क्लचकडून गिअरबॉक्सात जाणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगचा. दाबल्यावर सुरू झाली तर रिलीज बेअरिंगचा (पेडल दाबल्यावर फिंगर्सना ढकलणाऱ्या बेअरिंगचा). काही गाड्यांत क्रँक सेन्सरचे (इंजिनाचे फिरणे ओळखणाऱ्या सेन्सरचे) दाते फ्लायव्हीलवरच असतात. नव्यावर ते नसतील तर गाडी सुरूच होणार नाही.

प्रश्नकर्ता

फार उपयोग झाला. बसवण्याच्या भागात 'सेंटरिंग' आणि 'ग्रीस लावा' असे दोनच शब्द आहेत. ते पुरेत का?

प्रतिसाद २

'सेंटरिंग' (प्लेट बरोबर मध्यावर बसवणे) ठेवा, पुढे 'डमी शाफ्ट (शाफ्टच्या आकाराची तात्पुरती दांडी) घालून' जोडा. 'ग्रीस लावा' मात्र धोक्याचे आहे. 'स्प्लाइनवर (शाफ्टवरच्या खाचांवर) ग्रीसचा पातळ हात फिरवा, प्लेट शाफ्टवर दोनदा सरकवा आणि बाहेर आलेले ग्रीस पुसून काढा' असे पूर्ण लिहा. जास्तीचे ग्रीस फिरताना उडून अस्तरावर जाते आणि क्लच थरथरत पकडतो. नव्या फ्लायव्हीलवर गंज रोखणारे तेल असते, ते ब्रेक क्लीनरने धुवा. क्रँकचा मागचा ऑइल सील ओला असेल तर आत्ताच बदला, त्यासाठी गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागू नये. फ्लायव्हीलचे बोल्ट नवेच घ्या आणि कंपनीने दिलेल्या टॉर्कपर्यंत आवळा. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, अर्धा-अर्धा फेरा देत आवळा. एकच बाजू आधी कसली तर कव्हर वाकते, आणि मग पहिल्या दिवसापासूनच 'क्लच सुटत नाही'.