इफच्या वाक्यात विल कधी चालतं?

दहावीची_आई: लेकीने वहीत लिहिलं, 'इफ इट विल रेन, द मॅच विल बी कॅन्सल्ड.' बाईंनी पहिल्या विलभोवती लाल गोल काढला. त्याच पानावरचं 'आय डोन्ट नो इफ ही विल कम' मात्र बरोबर. पाऊस उद्याचा, येणाराही उद्याच येणार. मग एकीकडे चालतं, दुसरीकडे नाही, असं का? नुसता नियम सांगून तिला पटत नाही.

घाटावरचा: इफच्या भागात साधा वर्तमानकाळ, दुसऱ्यात विल. इफ इट रेन्स, द मॅच विल बी कॅन्सल्ड. परीक्षेपुरतं एवढं पुरे.

खडू_फळा: परीक्षेपुरतं सांगूनच मुलं इंग्रजीला बिचकतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आयुष्यभर हेच शिकवलंय. ताई, तुमच्या लेकीचा प्रश्न अगदी रास्त आहे. पहिल्या वाक्यात पाऊस ही अट आहे. अट आपण धरून चालतो. पुढे काय होईल हे सांगायचं काम दुसऱ्या भागाचं, म्हणून विल तिथे. 'आय डोन्ट नो'वाल्या वाक्यात अट नाहीच, 'तो येईल का?' हा प्रश्न पोटात दडलाय. तिला इफ काढून व्हेदर घालून बघायला सांगा. 'आय डोन्ट नो व्हेदर ही विल कम' बसतं, म्हणून विल चालतं. मॅचच्या वाक्यात व्हेदर बसतच नाही.

आणखी एक. आपण 'पाऊस आला तर' म्हणतो. गोष्ट उद्याची, रूप भूतकाळाचं. मुलं तसंच उचलतात, 'इफ इट रेन्ड, द मॅच विल बी कॅन्सल्ड.' रेन्ड लिहिलं तर पुढे वुड हवं, आणि अर्थही सरकतो. 'इफ आय गेट नाइन्टी पर्सेंट, आय विल टेक सायन्स' म्हणणाऱ्या मुलीला नव्वद टक्के आवाक्यात वाटतात. 'इफ आय गॉट नाइन्टी, आय वुड टेक सायन्स' म्हणणारीला ते अवघड वाटतात. लेकीला दोन्ही मोठ्याने म्हणायला लावा, फरक तिला आपोआप कळेल.

लंडनकर: पण इथे दवाखान्यात रिसेप्शनवर सर्रास म्हणतात, 'इफ यू विल टेक अ सीट, द डॉक्टर विल सी यू शॉर्टली.' हे चूक?

खडू_फळा: बरोबर आहे. तिथलं विल भविष्याचं नाही, राजीखुशीचं आहे: 'बसून घेता का जरा?' माणसाला अशी विनंती करता येते, पावसाला नाही.

दहावीची_आई: व्हेदर घालून बघितलं, तिला लगेच पटलं! आता अनलेसवर अडलीय.

खडू_फळा: अनलेसच्या पोटात नकार असतोच, त्यामुळे नॉट पुन्हा घालायचा नाही. काळाचा नियम तोच. 'इफ इट डझन्ट रेन, वी विल प्ले' याचं 'अनलेस इट रेन्स, वी विल प्ले.' व्हेन आणि अनटिललाही हेच लागू, 'व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम.' तिने स्वतः पाच-सहा वाक्यं रचून इथे टाकावीत, मी तपासून देते.