'सुईची तपासणी' म्हणजे नेमकी कोणती?

प्रश्न: स्तनाच्या बायोप्सीच्या माहितीपत्रकात नुसतं 'सुईची तपासणी' लिहिलं तर चालेल का?

– नको. एफएनएसी (बारीक सुईने पेशी ओढून तपासणं) आणि कोअर बायोप्सी (जाड सुईने तुकडा काढून तपासणं), दोन्हींना लोक हेच म्हणतात. एफएनएसीत २२ ते २५ गेजच्या (गेज म्हणजे सुईच्या जाडीचं माप) सुईने सुट्या पेशी ओढून काचपट्टीवर पसरतात. त्यांत कर्करोग दिसला तरी तो दुधाच्या नळीतच आहे की नळी फोडून बाहेर आलाय, हे कळत नाही. कोअरला बहुधा १४ गेजची सुई असते. ती अखंड तुकडा कापते, ऊतीची रचना शाबूत राहते, म्हणून हा फरक दिसतो. तेव्हा 'सुईने पेशी काढणे' आणि 'सुईने तुकडा काढणे' असं वेगवेगळं लिहा. गेजचा आकडा वाढला की सुई बारीक होते, हेही सांगा. लोक उलट समजतात.

– 'तुकडा' उत्तम, बोलण्यातलाच आहे. फक्त शेजारी लिहा: जागा बधिर करून काही मिलिमीटरचा छेद देतात, टाका सहसा लागत नाही. कोअरची सुई स्प्रिंगने पुढे सोडणाऱ्या यंत्राला डॉक्टर 'गन' म्हणतात; तो शब्द मात्र पत्रकात अजिबात नको, माणूस धसकतो. 'खटक्याची सुई' म्हणा. खटका दाबला की 'खट्' आवाज होतो. आधी सांगितलं नाही तर पेशंट दचकते आणि नेम चुकतो. अशा सुयांच्या अनेक प्रकारांत सुई एका झटक्यात २२ मिमी पुढे जाते. म्हणून सोनोग्राफीत सुई छातीच्या भिंतीला समांतर धरायची. टोक दिसत नसेल तर खटका दाबायचाच नाही. तिरकी गेली तर फुप्फुसाच्या आवरणाला भोक पडू शकतं.

– सरसकट 'गाठीतून तुकडा'ही लिहू नका. मॅमोग्राफीत नुसते चुन्याचे (कॅल्शियमचे) बारीक कण दिसतात तेव्हा अनेकदा गाठ नसतेच, आणि सोनोग्राफीत ते सहसा सापडत नाहीत. तिथे स्टिरिओटॅक्टिक पद्धत: स्तन दाबून धरून +१५ आणि −१५ अंशांतून दोन चित्रं घ्यायची, त्यांवरून खोली काढायची. व्हॅक्यूमची (तुकडे शोषून घेणारी) ९ गेजची सुई एकदाच आत जाते, तिच्या बाजूची खिडकी फिरवत चहूबाजूंचे तुकडे ओढतात. तुकड्यांचा एक्स-रे तिथल्या तिथे काढायलाच हवा. त्यात कण नसतील तर 'कर्करोग नाही' या अहवालावर विसंबता येत नाही.

– तुकडा काढलेल्या जागी खुणेसाठी आत ठेवतात त्या बारीक 'क्लिप'चा शब्द तसाच ठेवा, पुढे 'जागेची खूण' जोडा. दाब सोडल्यावर स्तन फुलतो आणि क्लिप सुईच्या वाटेवर सरकू शकते. म्हणून नंतर दोन बाजूंनी मॅमोग्राफी करून ती कुठे बसली ते अहवालात लिहितात.