सुऱ्यांसाठी बेल्ट ग्राइंडर: मोटर किती एचपीची, वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी हवा का?

लोहभाता: २ × ७२ इंची पट्ट्याचा ग्राइंडर जुळवतोय. वीज सिंगल फेज. १ एचपी पुरेल की २? व्हीएफडी नंतर घेतला तर चालेल?

ठिणगी: २ एचपी, थ्री-फेज, पूर्ण बंद बॉडीची. १ एचपी ३६ ग्रिटच्या (भरड दाण्याच्या) सिरॅमिक पट्ट्यावर अडते, आणि सिरॅमिकला जोर लागतोच. हलक्या हाताने घासलं तर दाणा फुटत नाही, गुळगुळीत होऊन बसतो. व्हीएफडी आत्ताच घ्या, सिंगल फेजवर चालून मोटरला थ्री-फेज देणारा. मोटरच्या पाटीवर २३०/४०० व्होल्ट असेल तर तारांची जोडणी डेल्टात (२३० ची) करा; स्टारमध्ये (४०० च्या जोडणीत) मोटर फिरते, पण दम राहत नाही.

पोलादी: ड्राइव्ह व्हील (मोटरवरचं चाक) १२५ मिमी घ्या. २८०० आरपीएमला पट्टा सेकंदाला साधारण १८ मीटर धावतो, रफिंगला (सुरुवातीच्या ढोबळ घासणीला) झकास. पात्याला पाणी दिल्यावर (तापवून कडक केल्यावर) मात्र वेग निम्म्याखाली, पट्टा नवा, आणि पातं सारखं पाण्यात बुडवायचं. धारेवर निळी झाक आली की तिथला टेम्पर गेला. रंग घासून काढाल, कडकपणा परत येत नाही.

ठिणगी: व्हीएफडी उघडा ठेवू नका हो! लोखंडाची भुकटी बोर्डावर बसली की शॉर्ट. आयपी६५ (धूळ आत न जाणाऱ्या) पेटीवाला बघा. व्हीएफडीवर वेग १५ हर्ट्झखाली ठेवून फार वेळ चालवू नका, मोटरचा पंखाही मंदावतो.

लोहभाता: पट्टा एका बाजूला सरकत राहिला तर?

पोलादी: ट्रॅकिंग व्हीलला (पट्टा जागेवर ठेवणाऱ्या चाकाला) मध्ये किंचित फुगवटा हवा. तो असूनही सरकला तर सरळपट्टी लावून चाकं एका रेषेत आहेत का पाहा.