बाच्या कमरेचा कोयता काढून घेतला, हे कायद्यात बसतं का?

रानवाट:
आम्ही ठाकर. घर मुरबाडकडे पाड्यावर, मी कळव्यात भाड्याने. परवा आई-बा शेवळं-काकडं, म्हणजे रानभाजी, घेऊन ठाण्यात विकायला आले. बाच्या कमरेला आकडी, म्हणजे कोयता अडकवायचा आकडा, आकडीत कोयता, रोजच्यासारखा. एका नाक्यावर अडवलं, "हत्यार घेऊन फिरतोस?" आणि कोयता ठेवून घेतला. पावती नाही, काही नाही. भाताच्या रोपाची जागा भाजायला राबाचं टहाळ कोयत्यानेच तोडायचं, कुडाची कारवी त्यानेच. आता इरल्याचे बांबू सोलायचेत.

घरी कुडाला आज्याचं तीरकामठं असायचं. बाने त्याच रात्री ते माळ्यावर दडवलं. त्यालाही परवाना लागतो का?

कोर्टनाका:
शस्त्र अधिनियम, १९५९ च्या व्याख्येतून निव्वळ घरकामाच्या आणि शेतीच्या वस्तू वगळल्यात. ९ इंचांहून लांब पात्याचा नियम सांगतात, त्यातही शेतीची अवजारं धरत नाहीत. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७ आहे. मनाई आदेश असला की शहरात काठीसुद्धा अडचणीची. त्या दिवशी आदेश होता का, ते आधी बघा. जप्ती केली तर पंचनामा हवाच. अर्ज द्या, पोच घ्या, सातबारा किंवा वनपट्ट्याची प्रत जोडा. तीरकामठ्याला बंदुकीसारखा परवाना नाही, त्या भागासाठी सरकारची वेगळी अधिसूचना असेल तरच.

घोडबंदरवाली:
सहानुभूती आहे, पण शिकारीसाठी रानात लावलेल्या फाशात बिबटे अडकतात त्याचं काय? तीरकामठी काय शोभेला असतात?

रानवाट:
ताई, क्लच वायरचा फासा आमच्या आज्याच्या सामानात नव्हता. आजा ससे मारायचा, खोटं कशाला बोलू. बाकडे गोफण आहे, ती वरईवरची पाखरं उठवायला.

जुना मास्तर:
शहापूरकडच्या आश्रमशाळेत जन्म गेला, म्हणून बोलतो. खरी मेख वन्यजीव कायद्यात आहे, १९७२ च्या. त्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाण, सुरी, गळ, जाळं, सगळं येतं. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात लेखी परवानगीशिवाय ते नेता येत नाही. ठाण्याजवळच्या येऊरच्या पाड्यावरचा माणूस राहतोच राष्ट्रीय उद्यानाच्या आत, त्याने दारातून सुरी बाहेर काढायची तरी कशी? २००६ च्या वनहक्क कायद्याने शिकार स्पष्ट वगळली, ते मला मान्य आहे. पण गौण वनोपजाचा, म्हणजे बांबू, मध, पानं असल्या रानातल्या वस्तूंचा, हक्क दिलाय ना? मग ते काय दातांनी तोडायचं? असो. पोरा, तुझा पाडा अभयारण्यात नसेल तर कामठं खाली काढ. माळ्यावर वाळवी खाईल.

रानवाट:
अर्ज घेऊन गेलो. आदेश-बिदेश कोणी दाखवला नाही, कोयता मात्र दिला. पात्याला नारळाची शेंडी चिकटलेली! बाने अंगठ्याने धार बघितली, बोलला काहीच नाही. काल परत आले दोघं. कोयता आईच्या टोपलीत, पानांखाली. आकडी बाच्या कमरेलाच होती, रिकामी.