परतावा दोन वर्षांत, पण बचत मोजली कुणी?

(कारखान्यातल्या वीजबचतीच्या कामांवर तिघांची चर्चा. नोंदवही, तिसरी पाळी आणि खतावणी ही त्यांची टोपणनावं.)

नोंदवही
आमच्याकडे एका पंपाची ७५ किलोवॅटची जुनी मोटर काढून आयई३ या जास्त कार्यक्षम श्रेणीतली मोटर बसवली. कागदावरचा हिशेब सोपा होता: जुनीची कार्यक्षमता ९२.७ टक्के, नवीची ९५. पूर्ण भाराला साधारण २ किलोवॅट कमी लागणार. त्याला चालू तासांनी गुणा, युनिटच्या दराने गुणा, की पैसे कधी वसूल होतात ते निघालं.

बसवल्यावर मीटर लावला तर वापर तसूभरही उतरलेला नाही. दोन दिवस मी मीटरवरच संशय घेत होतो. मग फेरे मोजणारा टॅकोमीटर धरला. जुनी मोटर मिनिटाला १४७० फेरे घ्यायची, नवी १४८३ घेते. चांगल्या मोटरचा स्लिप, म्हणजे चुंबकीय क्षेत्राच्या वेगामागे पडणं, कमी असतो, त्यामुळे ती जरा जास्त वेगाने फिरते आणि सेंट्रिफ्युगल (चाक फिरवून पाणी फेकणाऱ्या) पंपाला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. तेवढ्या १३ फेऱ्यांनी २.७ टक्के भार वाढवला. मोटरने वाचवलं ते पंपाने खाल्लं. पाणी थोडं जास्त येत होतं, पण ते आम्हाला नकोच होतं.

म्हणून माझं मत असं की, आधी आणि नंतर मोजायची तरतूद नसेल तर वीजबचतीचा प्रस्ताव मंजूरच करू नये.

तिसरी पाळी
याला माझा ठाम विरोध आहे. मोठ्या कारखान्याला हे परवडतं. लहान कारखान्यात विजेचा वापर नोंदवणारा पॉवर अ‍ॅनालायझर आणा, महिनाभर नोंदी घ्या म्हटलं की काम तिथेच अडकतं, आणि तोवर कॉम्प्रेसरच्या लाइनमधून गळणारी हवा गळतच राहते.

आम्ही काय केलं ते सांगतो. जेवणाच्या सुट्टीत हवेवर चालणारं सगळं बंद केलं, कॉम्प्रेसर तेवढा चालू ठेवला आणि हातात स्टॉपवॉच घेतलं. ९० सेकंद लोड (हवा भरणं), २१० सेकंद अनलोड (हवा न भरता नुसतं फिरणं). हवा वापरणारं कुणीच नाही, तरी यंत्र ३०० पैकी ९० सेकंद हवा भरतंय. म्हणजे क्षमतेच्या ३० टक्के गळती. साबणाचं पाणी घेऊन निघालो, चार तासांत बहुतेक गळके जोड सापडले. याला कसला प्रस्ताव आणि कसली मंजुरी?

नोंदवही
पण स्टॉपवॉच लावलंत म्हणजे मोजलंतच की! माझा आग्रह महागड्या उपकरणाचा नाही. मात्र ३० टक्के गळती थांबली म्हणून ३० टक्के वीज वाचली असं कुणी मांडलं तर ते चूक. स्क्रू कॉम्प्रेसर अनलोडमध्येही बरीच वीज ओढतो. समजा लोडला १०० किलोवॅट आणि अनलोडला ३०, तर वाचतील फार तर २१. बाकीचे ९ हवे असतील तर यंत्र बंद करावं लागेल किंवा वेग बदलणारा ड्राइव्ह लागेल. तो वेगळा खर्च.

खतावणी
तुम्ही दोघेही किलोवॅटवर भांडताय, घोळ पुढे पैशात होतो. वर्षाचं बिल भागिले युनिट असा सरासरी दर काढून बचतीला लावतात. त्या बिलात डिमांड चार्जही असतो, म्हणजे एका वेळी घेतलेल्या सर्वाधिक भारावरचा आकार. युनिट कमी झाले तरी कमाल मागणी उतरली नाही, तर तो तसाच राहतो.

दुसरं म्हणजे, नुसता परतावा कालावधी, म्हणजे खर्च किती वर्षांत वसूल होतो एवढंच पाहणं, मला मुळीच मान्य नाही. दोन कामं घ्या, दोन्हींचा खर्च १००. पहिलं वर्षाला ५० वाचवतं, पण टिकतं ३ वर्षं. दुसरं वर्षाला २५ वाचवतं आणि १५ वर्षं टिकतं. परतावा पाहाल तर पहिलं जिंकतं, २ वर्षं विरुद्ध ४. आता पुढच्या वर्षांची बचत वर्षाला १२ टक्के व्याजदराने घटवून तिचं आजचं मूल्य काढा: पहिल्याचं १२०, दुसऱ्याचं १७०. खर्च वजा जाता २० आणि ७०. परताव्याची अट लावून चांगली कामं फेटाळलेली मी पाहिली आहेत, आणि मला त्याचा राग येतो.

तिसरी पाळी
१५ वर्षं तीच लाइन, तेच उत्पादन राहील याची हमी कोण देणार? मालक दोन वर्षं म्हणतो ते अडाणीपणाने नाही, पुढच्या ऑर्डरची खात्री नसते म्हणून. तुमच्या सूत्रात ती भीती कुठे बसते?

खतावणी
व्याजदर वाढवा, कामाचं आयुष्य कमी धरा. दुसरं काम ६ वर्षंच चालेल असं धरलं, तर आजचं मूल्य १०३ येतं. जेमतेम खर्च निघतो. भीती अशी आकड्यात मांडली की तिच्यावर बोलता तरी येतं. ‘दोन वर्षं’ म्हणून टाकलं की बोलणंच संपतं.

तिसरी पाळी
हे पटलं. ६ वर्षांचा आकडा मी मालकापुढे ठेवू शकतो, १५ चा नाही. मोजणीबद्दल मात्र माझं मत तेच. नोंदवही, त्या पंपाचं पुढे काय केलंत?

नोंदवही
इम्पेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चाक) उतरवून त्याचा व्यास थोडा कमी करून घेतला. प्रवाह पूर्वीइतका झाला आणि वापर तेव्हा कुठे खाली आला. पण लेथचं काम आणि पंप बंद ठेवल्याचा एक दिवस, हे दोन्ही मूळ हिशेबात नव्हतंच.