शाळांमधील वर्णविभाजन मोडणाऱ्या मुली: लढ्याच्या कर्त्या की केवळ वादी?

मूळ लेख
अमेरिकेतील शाळांमधील वर्णविभाजनाची, म्हणजे काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगवेगळ्या शाळांची, हकीकत आपण हे विभाजन घटनाबाह्य ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १७ मे १९५४ च्या ‘ब्राऊन’ निकालापासून आणि तो दावा लढवणारे वकील थरगुड मार्शल यांच्यापासून सुरू करतो. त्या निकालात एकत्र केलेल्या पाच दाव्यांपैकी एक, व्हर्जिनियातील फार्मव्हिलचा, सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्समुळे उभा राहिला, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. सुमारे १८० विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या तिच्या मोटन हायस्कूल या काळ्या मुलांच्या शाळेत साडेचारशेहून अधिक मुले शिकत होती आणि जादा वर्ग डांबरी कागद ठोकलेल्या खोपटांत भरत. २३ एप्रिल १९५१ रोजी मुख्याध्यापकांना खोट्या निरोपाने बाहेर काढून बार्बराने सर्वांना सभागृहात जमवले आणि संप पुकारला. पुढे १९५७ साली आर्कान्सातील लिटल रॉकच्या गोऱ्या शाळेत प्रथम गेलेल्या नऊ काळ्या विद्यार्थ्यांत सहा मुली होत्या. १९६० साली न्यू ऑर्लिन्सच्या गोऱ्या शाळांत प्रथम गेलेल्या चौघीही मुलीच. म्हणून या मुलींना लढ्याच्या कर्त्या मानले पाहिजे.

प्रतिसाद
असहमत. बार्बराची मूळ मागणी नव्या, चांगल्या इमारतीची होती. वर्णविभाजनालाच आव्हान देणार असाल तरच दावा चालवू, ही अट ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन या वकिलांनी घातली. न्यू ऑर्लिन्सच्या चौघींपैकी रुबी ब्रिजेस तर सहा वर्षांची होती. तिचा निर्णय तिच्या आईवडिलांचा. मुलींची संख्या मोजून कर्तेपण सिद्ध होत नाही.

उत्तर
रुबीबाबतचा आक्षेप मान्य. तिला या यादीत घालताना मी घाई केली. फार्मव्हिलबाबत मात्र नाही. वकील तेथे आपणहून गेले नव्हते; बार्बरा आणि कॅरी स्टोक्स या दोघींनी पत्र लिहून त्यांना बोलावले. अट कळल्यावर मागे न हटता ही मुले पुढे गेली, आणि ११७ विद्यार्थ्यांच्या वतीने दाखल झालेल्या दाव्यावर पहिले नाव नववीतल्या डोरोथी डेव्हिसचे होते. मागणी मोठी होत जाणे हा लढ्याचाच भाग आहे.

आणखी एक प्रतिसाद
या गौरवात किंमत झाकली जाते, हे मला अस्वस्थ करते. लिटल रॉकमध्ये एलिझाबेथ एकफर्ड, वय पंधरा, जमावापुढे एकटी चालली. शार्लट शहरातील गोऱ्या शाळेत गेलेल्या डोरोथी काउंट्सला चार दिवसांत शाळा सोडावी लागली. बार्बराला काकांकडे माँटगोमेरीला पाठवावे लागले, आणि तिच्या काउंटीने (जिल्ह्याने) काळ्या-गोऱ्या मुलांना एकत्र शिकवणे टाळण्यासाठी १९५९ ते १९६४ सार्वजनिक शाळाच बंद ठेवल्या. राजकारणाचा भार मुलांवर टाकू नये, हा राजकीय विचारवंत हॅना आरेंट यांचा १९५९ चा आक्षेप मला आजही पटतो.

उत्तर
किंमत खरीच, आणि ती सांगितलीच पाहिजे. परंतु आरेंट यांच्या आक्षेपात असे गृहीत धरलेले आहे की या मुलींवर भार प्रथम मोठ्यांनी टाकला. हिवाळ्यात वर्गात कोट घालून बसणाऱ्या मोटनच्या विद्यार्थिनींवर तो शाळेच्या पहिल्या दिवसापासूनच होता. बार्बराने तो उघड केला.